परदेशी निघालात? आधी घरचा फोन नीट करा

माझं म्युनिकला जायचं ठरलं तेव्हा साताऱ्याच्या घरी दोन महिने फक्त बॅगेवर चर्चा झाली. कुकर तीन लिटरचा न्यायचा की पाच, गोडा मसाला किती, थर्मल इथून घ्यायचे की तिकडून. आईच्या फोनकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात मी पोचले, पहिला व्हिडिओ कॉल लागला आणि मला पडद्यावर दिसली ती आईची मोत्यांची कुडी. फोन म्हटला की तो कानालाच लावायचा, मग तो व्हिडिओ कॉल का असेना. पुढचे चार-पाच महिने मी त्या कुडीशी बोलले. मधूनच छतावरचा पंखा दिसायचा, तेव्हा कळायचं की आईने हात बदलला.

तेव्हापासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते. तुमचा फोन, तुमचं सिम, तुमचं वायफाय हे सगळं तुम्ही इथे आल्यावर आठवडाभरात जमवाल. घराशी संबंध कसा राहणार हे ठरतं ते घरच्या फोनवर, घरच्या माणसांच्या दिनक्रमावर आणि शेजारपाजारावर. आणि ती तयारी विमानात बसल्यावर करता येत नाही. खालच्या पायऱ्या मी जर्मनीच्या अनुभवावरून लिहिल्या आहेत. तुम्ही अमेरिकेला किंवा आखातात निघाला असाल तर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १ : निघायच्या आधीचे पंधरा दिवस, फक्त घरच्या फोनसाठी

सगळ्यात आधी आईबाबांच्या फोनमधली जागा बघा. ती संपलेली असणार. सूर्योदय, गुलाब, दत्तगुरू आणि ‘शुभ सकाळ’ यांनी गॅलरी भरलेली असते, आणि जागा संपली की फोन अडकायला लागतो, मग ‘तुझा फोन लागतच नाही’ अशी तक्रार येते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. जुने गुलाब पुसण्याआधी एकदा विचारून घ्या. माझ्या बाबांनी त्यात एका लग्नाची पत्रिका जपून ठेवली होती.

मग अक्षरं मोठी करा. फोनच्या पहिल्याच पानावर तुमचा फोटो असलेलं चिन्ह ठेवा, त्यावर बोट ठेवलं की थेट फोन लागला पाहिजे. यादीत शोधायला लागू नये. घरात लँडलाइन असेल तर तिचा नंबर तुमच्याकडे परदेशातून लावता येईल असा लिहून ठेवा: साताऱ्याचा कोड ०२१६२, बाहेरून लावताना पुढचं शून्य गाळून +९१ २१६२. साधी गोष्ट आहे, पण रात्री घाबऱ्याघुबऱ्या फोन लावताना ते शून्यच नडतं.

शिकवताना एक पथ्य पाळा. फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. आपण भराभरा चार ठिकाणी टिचक्या मारतो, आई ‘हो हो, कळलं’ म्हणते, आणि तिला काहीही कळलेलं नसतं. फोन तिच्या हातात, तुमचे हात पाठीमागे. मग तुम्ही दुसऱ्या खोलीत जा आणि तिला फोन लावायला सांगा. नंतर गच्चीवर जा. नंतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जा. असं दहा वेळा झालं की अकराव्या वेळी म्युनिक आणि किराणा दुकान यात तिला फरक वाटत नाही. ‘हिरवं बटण वर सरकवायचं, फोन समोर धरायचा, कानाला नाही’ हे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून मी दुसऱ्या खेपेला मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तो कागद आता तेलकट झालाय, पण आहे.

फोन ठेवायला एक स्टँड घ्या, मोबाईलच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतो. तो ठेवायची जागा ठरवून टाका. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकून असतो. खिडकी माणसाच्या पाठीमागे आली तर चेहरा काळा दिसतो, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसायची सवय लावा. आणि वीज जाणाऱ्या गावात घर असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो जरूर बसवा. वीज गेली, वायफाय गेलं, फोन लागेना, आणि इकडे आपण नाही नाही ते विचार करत बसतो. हा सगळा ताप त्या एका डबीने वाचतो.

पायरी २ : भारतातला नंबर जिवंत ठेवा

बँक, आधार, आयकर, म्युच्युअल फंड, गॅस, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. म्हणून निघण्याआधी कमी पैशांचा आणि लांब मुदतीचा रिचार्ज शोधा, इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, आणि रिचार्जची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे बाबा गॅस सिलिंडरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाकतात, त्याच्याच खाली माझ्या रिचार्जची असते. रिचार्ज तेच करतात. मी इथून करू शकते, पण ते काम त्यांच्याकडे राहू दिलंय.

इथे उतरल्या दिवशीच बँकेचा एखादा ओटीपी मागवून तो येतोय का बघा. येत नसेल तर त्या आठवड्यात सोडवा, सहा महिन्यांनी नाही. भारतीय सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा आणि त्या सिमवर आलेले अनोळखी फोन उचलू नका, रोमिंगमध्ये उचललेल्या फोनचेही पैसे पडतात. दोन सिमचा फोन असला की प्रश्न मिटतो: एक भारतातलं, एक इथलं. जर्मनीत प्रीपेड सिमसुद्धा ओळखपत्र तपासल्याशिवाय चालू होत नाही, पासपोर्ट हाताशी ठेवा.

व्हॉट्सॲप कुठल्या नंबरवर ठेवायचं, हा पुढचा प्रश्न. माझं मत: पहिलं वर्ष तरी भारतातल्याच नंबरवर. मावश्या, काकू, शाळेचे ग्रुप, सोसायटीचे ग्रुप सगळे तिथेच आहेत. फक्त दुहेरी पडताळणीचा पिन लावून ठेवा. पुढे इथला नंबर घ्यायचा झाला तर ‘नंबर बदला’ अशी सोय त्यातच आहे, ती वापरा. नवं खातं उघडून सगळ्यांना ‘हा माझा नवीन नंबर’ असा निरोप पाठवू नका. तो निरोप फसवणाऱ्यांचाही आवडता आहे, त्याबद्दल पुढे.

दुबई-अबुधाबीला निघालेल्यांनी हे आधीच समजून घ्यावं की अमिरातीत व्हॉट्सॲपवरून निरोप जातात, पण कॉल चालत नाहीत. तिथे मान्यता असलेली वेगळी ॲप्स वापरावी लागतात. ती आईबाबांच्या फोनवर निघण्याआधी बसवा आणि तीच दहा वेळा लावून बघायची उजळणी त्यांच्यावर करा. चीनला जाणाऱ्यांना तर व्हॉट्सॲपच मिळणार नाही.

पायरी ३ : घड्याळाचं गणित

जर्मनी भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात या एका तासाने आमच्या घरात पहिल्या वर्षी रुसवेफुगवे झाले.

बघा कसं ते. मी संध्याकाळी साडेपाचला ऑफिसमधून सुटते. उन्हाळ्यात तेव्हा साताऱ्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. जेवणं झाली, मालिका संपत आली, आई निवांत. उत्तम वेळ. ऑक्टोबर संपतो आणि त्याच साडेपाचला तिकडे दहा वाजतात. बाबा साडेनऊला झोपणारे. आई माझ्यासाठी जागी राहायची, जांभया द्यायची, मला वाटायचं हिला माझ्याशी बोलण्यात रस नाही, तिला वाटायचं हिला आमच्या झोपेची पर्वा नाही. मी पोचले त्याच महिन्यात घड्याळ बदललं होतं आणि घरी ते कुणाला माहीतच नव्हतं.

म्हणून एकच वेळ ठरवू नका, उन्हाळ्याची एक आणि हिवाळ्याची एक ठरवा. हिवाळ्यात मी सकाळी सातला बोलते: तिकडे साडेअकरा, पोळ्या झालेल्या, बाबा पेपर संपवून बसलेले. स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं चालत जाते तेवढ्यात फोन होतो. ट्राममध्ये चढल्यावर मात्र बंद, इथे डब्यात मोठ्याने बोललेलं लोकांना खपत नाही, आणि आपण साताऱ्याशी बोलताना आवाज साताऱ्यापर्यंत पोचेल इतका लावतो. दुपारची वेळही चांगली आहे. इथे जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला उन्हाळ्यात तिकडे चार वाजलेले असतात, म्हणजे चहाची वेळ. रविवारी सकाळी दहा-साडेदहाला, आपल्याला अगदी मोकळा वेळ असतो तेव्हा, फोन करू नका. तिकडे दुपारचे दोन वाजलेले असतात आणि रविवारच्या दुपारी दोन ते चार आमच्या घरी फक्त पंखा जागा असतो.

अमेरिकेचं गणित जरा अवघड. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. तुमची सकाळ ती त्यांची संध्याकाळ, म्हणून कॅलिफोर्नियातल्या लोकांना कॉफी पिता पिता बोलायची सवय करून घ्यावी लागते.

सणांना हे गणित वेगळंच रंगतं. नरकचतुर्दशीला आई पहाटे पाचला अभ्यंगस्नानाची तयारी करते. दिवाळी लवकर आली, २०२५ सारखी ऑक्टोबरच्या २० तारखेच्या सुमारास, तर इथे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. ती ८ नोव्हेंबरच्या आसपास आली, २०२६ सारखी, तर साडेबारा. मी जागी राहते. उटण्याची वाटी कॅमेऱ्यासमोर येते, बाबा कारीट फोडतात, आणि मग मी झोपते. उठून पुन्हा माझी दिवाळी वेगळी करते. सुट्टी नसते, पण दिवा लावायला सुट्टी लागत नाही.

घरात ‘म्युनिक’ अशी चिठ्ठी लावलेलं दुसरं घड्याळ टांगायची कल्पना बाबांची. ते त्यांनी उन्हाळ्यात लावलं आणि ऑक्टोबरात काही बदललं नाही. पाच महिने ते एक तास पुढे चालतं. आई त्याच्याकडे बघून मनातल्या मनात एक वजा करते. आम्ही ते आता तसंच ठेवलंय.

पायरी ४ : बोलायचं काय

कुणी सांगत नाही, पण खरी अडचण हीच आहे. पहिला महिना विषय भरपूर असतात. नंतर संभाषण असं होतं: ‘जेवलीस का?’ ‘हो. तुम्ही?’ ‘हो.’ ‘थंडी?’ ‘आहे.’ ‘बरं, ठेवू?’ प्रेम कमी झालेलं नसतं. एकत्र करायचं काम संपलेलं असतं. घरात असताना आपण तरी कुठे समोरासमोर बसून तासभर बोलत होतो? आई भाजी निवडायची, मी लसूण सोलायचे, आणि बोलणं आपोआप व्हायचं.

तेच परत आणायचं. मी शनिवारी तुर्की दुकानात भाजी घेताना आईला फोटो पाठवते: ‘ही कुठली पालेभाजी? आपल्यासारखी करता येईल का?’ मग पंधरा मिनिटं त्या भाजीवर जातात आणि मध्येच कळतं की शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलंय. स्वयंपाक करताना फोन ओट्यावर उभा करते. ‘अगं, एवढं पाणी नको घालू!’ असं आई साडेसहा हजार किलोमीटरवरून ओरडते, कारण दोघींना ठाऊक आहे की मी तेवढंच घालणार. बोलायचंच असतं असं नाही. कधी वीस मिनिटं कुणी काही बोलत नाही, तिकडे कुकरच्या शिट्ट्या होतात, इकडे माझं चालू असतं.

बाबांशी वेगळं. त्यांना ‘कसे आहात’ विचारलं की ‘मजेत’ म्हणून आईकडे फोन देतात. त्यांना काम लागतं. लीचेस या मोफत संकेतस्थळावर आम्ही बुद्धिबळ खेळतो, एक डाव चार-चार दिवस चालतो, दिवसाला दोन-तीन खेळ्या. माझा घोडा मारला की त्यांचा फोन येतो, एरवी कधीही न येणारा. तुमच्या बाबांना बुद्धिबळ येत नसेल तर शब्दकोडं धरा, क्रिकेट धरा, किंवा त्यांना इथल्या भाज्यांचे भाव रुपयांत करून सांगा. भावांवर ते अर्धा तास बोलतील.

आईला मराठीत टाइप करायचा कंटाळा. तिला बोलून निरोप पाठवायला शिकवा. व्हॉट्सॲपवर माइकचं चिन्ह दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. आणि तुम्हीही तसेच पाठवा, दीड-दोन मिनिटांचे, घाईत नसलेले. आवाजाचे निरोप पुन्हा ऐकता येतात. माझ्या आजीचे पुरणपोळीचे तीन निरोप आहेत माझ्याकडे, ‘हाताला सैल लागलं पाहिजे’ असं काहीतरी त्यात आहे आणि प्रमाण एकही नाही. आजी आता नाही. ते निरोप फोनमधून काढून तीन ठिकाणी ठेवलेत. तुम्ही पण ठेवा, आजच.

आजारपणाबद्दल आधीच ठरवा. ‘तिला उगीच काळजी नको’ म्हणून बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मला चार दिवसांनी कळलं. मी चिडले. आई म्हणाली, ‘तू तरी तिकडे पडलीस तेव्हा कुठे सांगितलंस?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आमचा करार झाला. सर्दीताप झाल्यावर सांगितला तरी चालेल. दवाखान्यात दाखल व्हायचं असेल तर आधी सांगायचं, दोन्ही बाजूंनी. आणि फोनची खूण: एक मिस्ड कॉल म्हणजे वेळ मिळेल तेव्हा, लागोपाठ दोन म्हणजे आत्ताच्या आत्ता. रात्री फोन शांत ठेवत असाल तर आईबाबांचे आणि शेजाऱ्यांचे नंबर त्यातून वगळा, प्रत्येक फोनमध्ये ती सोय असते.

पायरी ५ : शेजारी, मेडिकलवाला आणि किल्ली

भारतात अडचणीचा नंबर ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिका १०८. पण हे नंबर तुम्हाला परदेशातून लागणार नाहीत. गंमत म्हणजे जर्मनीतही ११२च आहे, घाबरून इथून फिरवलात तर म्युनिकचं अग्निशमन दल उचलेल. म्हणून तुमच्याजवळ असे नंबर हवेत जे तुमच्यासाठी हे नंबर फिरवतील.

माझ्या यादीत समोरच्या काकू आहेत, त्यांचा मुलगा आहे, घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर, मेडिकलवाला, एक रिक्षावाले काका आणि प्लंबर. निघण्याआधी यातल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटा. फोनवरून ओळख काढू नका. समोरच्या काकूंकडे घराची एक किल्ली ठेवा. मेडिकलवाल्याला आईबाबांच्या महिन्याच्या गोळ्यांची चिठ्ठी द्या, त्याला यूपीआयने पैसे कसे पोचतील ते बोलून घ्या. चिठ्ठीचा, विमा पॉलिसीचा आणि आधारचा फोटो स्वतःकडे ठेवा.

आणि या लोकांना फक्त संकटात फोन करू नका. संक्रांतीला, गणपतीत दोन मिनिटं बोला. सुट्टीत जाल तेव्हा चॉकलेटचा एक डबा काकूंसाठी वेगळा न्या. ऋण असतं ते, पण हिशेब ठेवल्यासारखं वागू नका.

पायरी ६ : खोट्या फोनचा बंदोबस्त

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना ठरवून गाठणारे लोक आहेत. ‘तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय’, ‘मुलीचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय’, ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात, फोन ठेवायचा नाही’. डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यात कुठेच नाही. हे वाक्य आईबाबांना पाठ करून द्या.

घरात एक परवलीचा शब्द ठरवा, फक्त तुम्हा तिघांना माहीत असलेला. जुन्या गायीचं नाव, गल्लीतल्या कुत्र्याचं नाव, काहीही. पैसे मागणारा कुणीही असो, आवाज अगदी तुमचा वाटला तरी, आधी तो शब्द विचारायचा. आमचा शब्द अर्थातच सांगणार नाही, पण बाबांनी एकदा मलाच तो विचारला होता, कारण सर्दीने माझा आवाज बदलला होता. मला सांगायला लागला. चांगलं वाटलं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. उशीर झाला की पैसे हाती लागायची आशा कमी होत जाते. लाजेने गप्प बसायचं नाही हेही आधीच सांगून ठेवा, लोक लाजेनेच गप्प बसतात.

पैशांचं थोडक्यात. नोकरीसाठी बाहेर गेलात की भारतातलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं, भारतातल्या पैशांसाठीचं) करून घ्यावं लागतं, परदेशातली कमाई ठेवायला एनआरई खातं वेगळं. परदेशी नंबरवर यूपीआय द्यायला २०२३ मध्ये सुरुवात झाली तेव्हा दहा देश होते, अमेरिका, ब्रिटन, अमिराती, सिंगापूर वगैरे. जर्मनी त्यात नव्हता. तुमच्या देशाची आजची स्थिती बँकेत विचारा. आणि घरी पैसे पाठवायचे ते महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाठवा. आईबाबांना मागायला लावू नका, ते मागत नाहीत.

पायरी ७ : डबा

मी सातारची, आणि कंदी पेढे जर्मनीत आणता येत नाहीत. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बॅगेत चालत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप, पनीर सगळं बाद. ताजी भाजी आणि फळं यांनाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यात आईने पेपरात गुंडाळून दिलेला कढीपत्ताही आला. केळी, नारळ, अननस, खजूर यांना मात्र सूट आहे. म्हणून आईला म्हणावं, ओटी भरायची तर नारळाने भर.

चालतं काय? गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोकम, पापड, कुरडया, तेलातली चकली. लाडूंची जोखीम मी घेत नाही. लाडवाचं जाडसर बेसन कोरडं आणते आणि तूप इथेच कढवते. इथलं २५० ग्रॅमचं लोणी मंद आचेवर ठेवलं की अर्ध्या तासात घरभर साताऱ्याचा वास येतो. आईला फोनवर तो वास पोचत नाही याचं तिला वाईट वाटतं.

पोस्टाने पार्सल मागवणार असाल तर एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट करातून सुटते. आत काय आहे आणि किंमत किती, हे स्पष्ट लिहायला सांगा. ‘घरगुती सामान’ असं लिहिलं की पार्सल अडकतं आणि तुम्हाला कस्टमच्या कचेरीत जाऊन मेतकूट म्हणजे काय ते जर्मनमध्ये समजावून सांगावं लागतं. मी सांगितलंय.

उलट दिशेनेही काही जाऊ द्या. साधं पोस्टकार्ड. २०२५ पासून जर्मनीतून भारतात पाठवायला सव्वा युरो पडतो. कधी दहा दिवसांत पोचतं, कधी महिन्याने. आई ती सगळी देवघराच्या खणात ठेवते, उदबत्तीच्या पुड्यांबरोबर.

पायरी ८ : आईबाबांना बोलवायचं असेल तर

शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जून २०२४ पासून मोठ्या माणसाला शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. खर्चाची हमी तुम्ही घेत असाल तर इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीतून हमीपत्र घ्यावं लागतं, त्याचं शुल्क २९ युरो. त्याचं जर्मन नाव ‘फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’. नाव पाठ होईपर्यंत भेटीची वेळ मिळते. खरंच, कारण वेळ मिळायलाच आठवडे लागतात, तेव्हा चार महिने आधी सुरुवात करा.

त्यांना मे-जूनमध्ये बोलवा. डिसेंबरात म्युनिकला साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो, आईबाबा खिडकीपाशी बसून ‘इथे दिवस कधी असतो?’ विचारतात. जूनमध्ये उलट. माझी आई दिवेलागणीची वाट बघत बसली. सात वाजले, आठ वाजले, ऊन होतंच. शेवटी सव्वानऊला सूर्य गेला तेव्हा तिने दिवा लावला, हात जोडले आणि म्हणाली, ‘देवालासुद्धा ओव्हरटाइम.’

त्यांना एकट्याने फिरता येईल असा एक रस्ता शिकवा: घर, बाग, बेकरी, घर. दिवसभर घरात बसून तुमची वाट बघायची पाळी आली तर पंधराव्या दिवशी ते परतीचं तिकीट विचारतात.

मित्रांबद्दल

याला पायरी देत नाही, कारण इथे माझी स्वतःचीच परीक्षा काठावर पास आहे. मोठा ग्रुप टिकत नाही. आपण झोपलेलो असताना तिकडे दोनशे निरोप होऊन जातात आणि सकाळी त्यावर हसणं जमत नाही. मी चार नावं निवडली आणि दर आठवड्याला त्यातल्या एकाला फोन करते. भारतात यायच्या आधी आठ दिवस ‘काय मग, भेटायचं ना?’ म्हणणारा मित्र होऊ नका. त्यांच्या घरी मूल झालं, कुणी गेलं, नोकरी सुटली, तेव्हा लिहून नाही, फोन करून बोला.

आणि इथेही माणसं जोडा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं, म्हणजे आपण काही पहिले नाही. जर्मनीच्या मोठ्या शहरांतही मराठी मंडळं गणपती बसवतात. आरतीला जा, खुर्च्या लावायला लवकर जा. ओळखी खुर्च्या लावतानाच होतात.

सुट्टीत घरी गेल्यावर

पहिले दोन दिवस कुणाकडे जेवायला जाऊ नका. आईबाबांच्या फोनमधले गुलाब पुन्हा साफ करा, राउटरच्या यूपीएसची बॅटरी बघा, मसाल्याच्या कपाटावरचा कागद वाचण्याजोगा आहे का बघा, डॉक्टरांची नवी चिठ्ठी फोटोत घ्या, काकूंकडची किल्ली कुलपाला लागते का ते खरंच लावून बघा. आमच्याकडे कुलूप बदललं होतं आणि काकू दोन वर्षं जुनी किल्ली जपत होत्या.

निघायच्या दिवशी बॅग बंद करण्याआधी एकदा आत हात घालून बघा. आईच्या फोनचा चार्जर चुकून तुमच्या सामानात आलेला असतो. माझ्या आलाय. दोनदा.